मालक नसलेल्या कामगारांची युनियन

गिरणी कामगाराला मालक असतो, हमालाला व्यापारी असतो. मागणी कुणाकडे करायची हे त्यांना ठाऊक असतं. पण कचराकुंडीतून भंगार वेचून पोट भरणाऱ्या बाईने संप पुकारायचा तो कुणाविरुद्ध? एक दिवस काम बंद ठेवलं, तर उपाशी राहणार ती स्वतःच.

१९९०च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्यापुढे हा पेच होता. रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करून दिला, तर या बायकांना कुंडीत हात घालावा लागणार नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात एका खासगी व्यावसायिकाची गाडी तोच सुका कचरा न्यायला येऊ लागली. हातचं काम जाणार हे दिसताच बायका एकत्र आल्या. १९९३ मध्ये हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली शेकडो कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली.

पंचायतीची पहिली मोठी मागणी पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. खांद्यावर पोतं दिसलं की चोरीचा संशय, पोलिसांची दरडावणी, सोसायटीच्या दारातून हाकलून देणं हे रोजचंच होतं. या बायकांत बहुसंख्य दलित. कित्येकींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. महापालिकेची मान्यता असलेलं कार्ड हातात आलं, तेव्हा ‘मी इथे काम करते’ असं सांगायला आधार मिळाला. तो मिळवून देणं हे संघटनेचं सर्वांत मोठं काम, असं म्हणायला हवं.

मग संघटनेने हिशेब मांडला. शहराचा कचरा वेचून, वेगळा करून या बायका महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतात, पण त्या श्रमाचे पैसे त्यांना कुणीच देत नाही. २००१च्या अभ्यासात ही बचत वर्षाला सुमारे १.६ कोटी रुपये निघाली. मालक सापडला होता: सारं शहर. पुढे महापालिकेने कचरावेचकांसाठी आरोग्य विम्याची सोय केली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार झाला. कुंडीऐवजी घराच्या दारातून कचरा घ्यायचा, घरटी ठरलेलं शुल्क घ्यायचं आणि विकण्याजोगं भंगारही स्वतःकडे ठेवायचं.

पण करार संपत आला की ठेकेदारांच्या गाड्यांचं सावट पुन्हा येतं आणि बायकांना पुन्हा महापालिकेपुढे उभं राहावं लागतं. शुल्क थकवणारी घरंही आहेत. शिवाय कागदात न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी पॅड हातांनी वेगळे करावे लागतात. २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडची पोती कचरावेचकांनी थेट उत्पादक कंपन्यांकडे परत धाडली. २०१६च्या केंद्रीय नियमांनी पॅडसोबत गुंडाळायला वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. रहिवाशांनी मात्र पॅड कागदात गुंडाळून ओळखू यावं म्हणून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढंच या बायका मागतात.