पिल्लाचे जुलाब : कागदावरचा आकडा आणि समोरचे पिल्लू

पिल्लाला जुलाब लागले की ते उचलून दवाखान्यात आणायचे, ही पद्धत जुनी. अलीकडे मात्र काही पशुपालक पिल्लाच्या आधी माझ्या टेबलावर एक कागद ठेवतात. तो असतो विष्ठातपासणीचा अहवाल. त्यावर ‘कॅलप्रोटेक्टिन’ असे अवघड नाव आणि पुढे भलामोठा आकडा. “डॉक्टर, आतड्याला सूज आहे म्हणे. किती दिवसांत उतरेल?” हा त्यांचा पहिला प्रश्न. हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि लहान पिल्लाच्या बाबतीत त्यावर किती विसंबावे, हे आजच्या लेखात पाहू.

कॅलप्रोटेक्टिन म्हणजे काय?

शरीरात रोगजंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशींत हे प्रथिन ठासून भरलेले असते. जंतूंना वाढण्यासाठी जस्त आणि मँगनीज ही खनिजे लागतात; हे प्रथिन ती धरून ठेवते आणि जंतूंची उपासमार करते. आतड्याच्या अस्तराला दाह झाला की या पेशी आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि त्यांच्यातील प्रथिन विष्ठेत सापडते. म्हणजे विष्ठेतील आकडा वाढला, तर आतड्यात पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आहे, इतका त्याचा सरळ अर्थ.

नॉर्वेतील शास्त्रज्ञ मॅग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या प्रथिनाचे वर्णन केले. माणसांत आतड्याचा जुनाट दाह आणि साधी पोटाची तक्रार यांतील फरक ओळखायला आज ही तपासणी सर्रास वापरतात. कुत्र्यांसाठी स्वतंत्र पद्धत अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विकसित झाली. तिची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाचे आणि कुत्र्याचे प्रथिन तंतोतंत सारखे नसते. त्यामुळे माणसांसाठी बनवलेल्या किटवर कुत्र्याची विष्ठा तपासून आलेला आकडा गृहीत धरता येत नाही. अहवाल हाती आला की ही तपासणी कुत्र्यांसाठीची होती का, हे आधी विचारावे.

मोठ्या कुत्र्याला महिनोन्‌महिने जुलाब होत असतील, वजन घटत असेल, तर ही तपासणी उपयोगी पडते. दाह किती आहे, औषधाने तो उतरतो आहे का, याचा अंदाज येतो. पिल्लाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

पिल्लांत आकडा का फसवतो?

आईचे दूध सुटून वरचे खाणे सुरू होते, त्या काळात पिल्लाच्या आतड्यात मोठी उलथापालथ चाललेली असते. नवे अन्न, नवे जंतू, आणि रोगप्रतिकारशक्तीचे अजून शिक्षण चालू. फ्रान्समधील पैदास केंद्रांत दूध तुटण्याच्या वयातील पिल्लांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, कॅलप्रोटेक्टिनचे प्रमाण पिल्लाच्या वयावर आणि जात लहान चणीची की मोठ्या, यावर अवलंबून असते. विष्ठा घट्ट आहे की पातळ, तिच्यात रोगजंतू आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा भरवशाचा मेळ बसला नाही. म्हणून या वयात आजार ओळखण्यासाठी ही खूण उपयोगाची नाही, असाच निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनी काढला. माणसाच्या तान्ह्या बाळांतही पहिल्या काही महिन्यांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असते. धडधाकट पिल्लाचा आकडा मोठा असू शकतो. त्यावरून घाबरून जायला नको.

आणखी एक बाब. आकडा ‘दाह आहे’ एवढेच सांगतो. तो विषाणूने झाला, जंतांनी झाला की शिळ्या अन्नाने, हे सांगत नाही. औषध तर कारणावर द्यायचे असते.

तीन दिवसांची किंमत

गेल्या पावसाळ्यात वस्तीवरून एक गृहस्थ आठ आठवड्यांचे पिल्लू घेऊन आले. चार दिवस उलट्या, नंतर रक्ताचे जुलाब. पिल्लाला मान धरवत नव्हती, हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या. “साहेब, शहरात सँपल दिलं होतं. रिपोर्ट आला की आणू म्हटलं,” ते म्हणाले. रिपोर्ट यायला तीन दिवस लागले होते. त्यांचा हेतू चांगला होता, पदरचे पैसेही खर्च झाले होते. पण ते तीन दिवस सलाईनचे होते. पिल्लू त्याच रात्री गेले. मी सांगून ठेवल्याप्रमाणे त्याच अंगणातले दुसरे पिल्लू पहिली उलटी होताच त्यांनी आणले. त्याला पाच दिवस सलाईन आणि उलटी थांबवण्याची इंजेक्शने द्यावी लागली. आज ते शेळ्यांमागे पळते.

दोन्ही पिल्लांना पार्व्हो होता. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. तो आतड्याच्या अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतो आणि हाडांच्या मगजावरही घाला घालतो, त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कोसळतात. वाचकांच्या लक्षात येईल की, ज्या पेशींवरून दाह मोजायचा त्या पेशीच या रोगात घटतात. म्हणून कमी आकडा आला तरी निर्धास्त राहता येत नाही. उपचाराविना बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर सलाईन मिळाले तर बरीचशी वाचतात.

मग कोणत्या तपासण्या कराव्यात?

जुलाब झालेल्या पिल्लासाठी दोन साध्या तपासण्या आधी कराव्यात. पहिली पार्व्होची. विष्ठेचा बोळा घेऊन दवाखान्यातच काही मिनिटांत ती होते. ती नकारार्थी आली तरी लक्षणे तशीच असतील तर आम्ही उपचार थांबवत नाही. आणि नुकतीच लस टोचली असेल तर ती कधी कधी होकारार्थी दिसते. म्हणून लसीची तारीख डॉक्टरांना जरूर सांगावी.

दुसरी तपासणी सूक्ष्मदर्शकाखालची. ताज्या विष्ठेत जंतांची अंडी, कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे सूक्ष्मजीव दिसतात. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे वेगवेगळे नमुने लागू शकतात. नमुना स्वच्छ डबीत घ्यावा, मातीवरचा खरवडून आणू नये.

जंतांबाबत पुष्कळांचा गैरसमज आहे. “पिल्लू अजून घराबाहेर पडलेच नाही, त्याला जंत कुठून?” असे विचारतात. गोल जंताच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि पिल्लू पोटात असतानाच त्याच्यात उतरतात. आकडीकृमी दुधातून येतात आणि रक्त पितात. पिल्लू फिकट पडते, शी काळी होते. म्हणून जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, पिल्लाचे वजन करून द्यावे. आईलाही त्याच वेळी द्यावे.

घरी काय पाहावे, काय टाळावे?

पिल्लू खेळते, खाते आणि एखादीच शी पातळ झाली असेल, तर एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. पण पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा : वारंवार उलटी, जुलाबात रक्त, खाणे-पिणे बंद, मलूलपणा, कोरड्या किंवा पांढऱ्या हिरड्या, अंग गार पडणे. हिरडी बोटाने दाबून सोडावी. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पिल्लू संकटात आहे.

माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या किंवा दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी जीव जाऊ शकतो. गाई-म्हशीचे दूध काही पिल्लांना पचत नाही, ते बंद ठेवावे. उलट्या चालू असताना तोंडात काही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. अगदी लहान पिल्लू गळून गेले असेल तर वाटेत त्याच्या हिरड्यांवर साखरेच्या पाण्याचे बोट फिरवावे आणि त्याला उबदार फडक्यात गुंडाळावे.

पार्व्होचा विषाणू अंगणात कित्येक महिने टिकतो. नुसत्या फिनेलवर विसंबू नये. आधी घाण धुऊन काढावी, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. त्या जागी लस पूर्ण न झालेले नवे पिल्लू आणू नये.

लस किती, यापेक्षा केव्हा

आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण पिल्लाला काही आठवडे पुरते, पण तेच संरक्षण लसीलाही निकामी करते. ते नेमके केव्हा संपेल हे प्रत्येक पिल्लात निराळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायची. “दोन सुया झाल्या, आता झाले” असे म्हणून तिसऱ्या महिन्यात थांबलेली पिल्ले मी पार्व्होने आजारी पडलेली पाहतो.

कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही. गोल जंत आणि आकडीकृमी मात्र होतात. गोल जंताची अळी मुलांच्या डोळ्यांतही शिरू शकते. तेव्हा पिल्लाची शी रोज उचलून पुरावी, आणि पिल्लाशी खेळून झाल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावूनच जेवायला बसवावे.