बंगळूरच्या तुरुंगातले चार खासदार

२६ जून १९७५ ची सकाळ. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवानी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे मधू दंडवते हे चार खासदार बंगळूरच्या आमदार निवासात मुक्कामाला होते. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते आले होते. लोकप्रतिनिधींना शिस्त कशी लावावी, यावर खल व्हायचा होता; पण पोलीस दारात उभे राहिले. रात्रीतून देशात आणीबाणी पुकारली गेली होती. चौघांचा मुक्काम मध्यवर्ती कारागृहात हलला.

दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पुढे त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही अटक झाली, त्या येरवड्याला. नवरा-बायको दोघेही गजाआड, आणि मध्ये शेकडो मैल. संसार उरला तो पत्रांपुरता, आणि तीही सरकारी डोळ्यांखालून जायची.

हे सारे घडवणाऱ्या इंदिरा गांधी निवडून आलेल्या पंतप्रधान होत्या. १९७१ मध्ये मतदारांनी त्यांच्या पक्षाला ३५२ जागा दिल्या होत्या. मग निरंकुश सत्तेची ओढ त्यांच्या मनात आधीपासूनच दडलेली होती का?

मनात कोणी डोकावू शकत नाही. तारखा मात्र बोलतात. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. पद राहिले, संसदेत मत देण्याचा अधिकार गेला. दुसऱ्याच रात्री राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला कळले ते पहाटे, सही झाल्यावर. आणि एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही! सत्तेपुढे शहाणपण चालत नाही म्हणतात ते असे.

पुढची पावले आपोआप पडत गेली. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षे झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बंगळूरच्याच तुरुंगात डांबले गेले. त्यांना दम्याचा विकार होता. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडले, तेव्हा फार उशीर झाला होता. काही दिवसांतच त्या गेल्या.

पण त्याच जानेवारीत इंदिराबाईंनी स्वतःहून निवडणूक जाहीर केली. मार्चमध्ये रायबरेलीतून हरल्या आणि खुर्ची सोडून घरी गेल्या. कसलेला हुकूमशहा असे करत नाही, हेही मान्य करायला हवे. नोव्हेंबर १९७८ मध्ये चिकमगळूरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले.

आणि तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्यांचे काय? दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या, त्या त्यांच्यामुळे. पण त्याच जनता सरकारने १९७७ मध्ये नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे एका फटक्यात बरखास्त केली. १९८० मध्ये इंदिराबाईंनी नऊची परतफेड नऊने केली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय दोन्हीकडे सारखाच!

तरी जनता सरकारचे एक काम मोठे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यांनी स्वतःच्याही हातांना बांध घातला. मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय आणीबाणी नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण चालणार नाही, सशस्त्र बंडच हवे. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही. लोकसभेची मुदतही पुन्हा पाच वर्षांवर आली.

दुसरे कुलूप बंगळूरच्याच निमित्ताने लागले. एप्रिल १९८९ मध्ये मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई विधानसभेत बहुमत सिद्ध करू द्या म्हणत होते. राज्यपालांनी ऐकले नाही, सरकार गेले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, की बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचे.

चौघांना ठेवलेल्या त्या तुरुंगाच्या जागी आज ‘फ्रीडम पार्क’ आहे. जुन्या बराकी लोक बघायला येतात. शेजारीच निदर्शकांचे मांडव पडतात, कारण सरकारविरुद्ध घोषणा द्यायला शहरात सरकारनेच नेमून दिलेली जागा हीच आहे.