मोबाईलच्या कव्हरचा रंग आणि बाथरूमचे बंद दार

गेल्या महिन्यात अकरावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती, उभे राहिले की तोल जात होता. परीक्षेचे जागरण, पोटात अन्न नाही, वर चहाचा मारा. मला पित्ताचा त्रास वाटला आणि तशी औषधेही मी लिहून दिली. चिठ्ठी घ्यायला त्याने हात पुढे केला तेव्हा नखांच्या कडेला चंदेरी रंग दिसला. शर्टालाही मोटार गॅरेजसारखा वास होता.

"काय रे, रंगकाम करतोस की काय?" मी विचारले.

"हो काका, मोबाईलची कव्हरं रंगवतो. मित्रांना देतो."

वडील ओरडतात म्हणून चिरंजीव बाथरूमचे दार लावून स्प्रे मारत होते. त्याच बाथरूममध्ये गॅसचा गिझर! त्या वेळी तो कोणी लावला नाही, हे नशीब. पित्ताची चिठ्ठी मी परत घेतली.

स्प्रेच्या डब्यात नुसता रंग नसतो. रंग पातळ ठेवण्यासाठी टोल्युईन, झायलीन, अॅसिटोन अशी द्रव्ये असतात (थिनरचा वास येतो तो यांचाच) आणि रंग बाहेर ढकलण्यासाठी बहुधा प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच वायू. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात आणि पेटतात. गिझर, शेगडी, समई, डासांची जळती कॉइल, काहीही पुरते.

श्वासावाटे या वाफा फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून काही क्षणांत मेंदूत जातात. दारूसारखी गुंगी येते. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग, चक्कर ही पहिली लक्षणे. मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते आणि पुन्हा आत आल्यावर त्रास सुरू होतो, ही मोठी खूण. थोड्या वेळाने वास येईनासा होतो, तेव्हा वाफ संपलेली नसते, नाक सरावलेले असते. मात्रा फार झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून अशा मुलाला उघड्यावर न्यावे, शांत झोपवावे, धावू-पळू देऊ नये. शुद्ध हरपली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

"तोंडाला रुमाल बांधला होता की," असे त्याची आई म्हणाली. रुमालाने वाफ अडत नाही. करोनाच्या साथीतले, घरात उरलेले एन-९५ मास्क रंगाचे तुषार अडवतील, वाफ नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो. तो नसेल तर गच्ची किंवा अंगण हाच उपाय. दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी त्या वेळी तिकडे फिरकू नये. हार्डनर मिसळलेली चकचकीत लॅकर तर घरी वापरूच नयेत. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही उठतो.

छंदाला माझा विरोध नाही. कव्हर फोनवरून काढून साबणाने धुवावे. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. पुसायला थिनर घेऊ नये, त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. आधी प्लॅस्टिकचा प्रायमर, मग वीतभर अंतरावरून रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. रबरासारख्या सिलिकॉनच्या कव्हरवर रंग टिकत नाही, सोलून निघतो. उगाच खर्च करू नये.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून ओला असतो. तोच कव्हर घामेजल्या हातात आणि गालाशी तासन् तास! काहींना त्याने खाज, पुरळ उठते. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान चार-पाच दिवस, कव्हर उघड्यावर ठेवावे. तान्हे मूल फोन तोंडात घालत असेल तर रंगवलेले कव्हर त्या घरात नकोच. भारतात घरगुती रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. ती औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि गॅरेजमधून आणलेला उरलेला डबा कोणता, हे कोण सांगणार?

अंगावरचा रंग रॉकेल-पेट्रोलने काढू नये. खोबरेल तेल चोळून साबणाने धुवावे. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लहान मुलाने थिनर प्यायले तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर थिनर फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. मुलाला तसेच रुग्णालयात न्यावे, बाटलीही बरोबर घ्यावी.

रिकाम्या डब्यात वायू शिल्लक असतो. तो खिळ्याने भोकसू नये, पालापाचोळ्याबरोबर पेटवूही नये.