मोटारीला मोबाईल स्टार्टर : वायरमनला किती वेळ द्याल?



राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यासारख्या गावात भात निघाले, की गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी विहिरीवरच्या आणि नदीकाठच्या मोटारी सुरू होतात. वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली, की घोंगडे पांघरून, बॅटरी-काठी घेऊन बांध तुडवायचा. पायाखाली साप असेल, उसात बिबट्या असेल, आणि तिथे पोचून ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबायचे. म्हणून हल्ली जो तो मोबाईल स्टार्टरची चौकशी करतो. पहिला प्रश्न किमतीचा नसतो बरे का! "साहेब, बसवायला किती वेळ लागतो? तासाभरात होईल ना?"

शहरातली मंडळी मोटारगाडीला चोरभोंगा आणि दुरून इंजिन चालू करायचे यंत्र बसवून घेतात, तेव्हा त्यांचाही हाच प्रश्न असतो. तिथे दोन-चार तास सहज जातात. आपल्या पाण्याच्या मोटारीचे काम त्यापेक्षा सोपे आहे. पण घाई केली तर नुकसान मोठे.

हे यंत्र आपल्याकडचेच आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी लहानपणी आजोबांच्या शेतावरच्या खेपा पाहिल्या होत्या. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे त्यांचे 'नॅनो गणेश' 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळवून गेले. आज अनेक कंपन्यांची अशी यंत्रे बाजारात आहेत. आत एक सिमकार्ड असते. तुम्ही फोन केला, की यंत्र तुमच्या स्टार्टरचे हिरवे बटण जणू स्वतः दाबते. बंद करायचे असेल तर लाल बटणाचे काम करते. स्टार्टर जुनाच राहतो. सगळी गोम इथे आहे.

स्टार्टर धडधाकट असेल, तर वायरी जोडायला अर्धा-पाऊण तास पुरे. सेटिंग आणि चाचणी धरून दीड-दोन तास. पण तुमचा डबा एकदा उघडून बघा. आत मुंग्यांचे वारूळ, पालीची अंडी, काजळलेले पॉइंट, किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी घातलेली जाड तार. अशा स्टार्टरवर यंत्र बसवणे म्हणजे मोडक्या बैलगाडीला नवे जू. पॉइंट चिकटलेले असतील, तर घरून 'बंद' म्हटले तरी मोटार बंद होणार नाही. आधी डबा साफ करा, पॉइंट बदला, अर्थिंग नीट करा. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नका. यात अख्खा दिवस गेला, तर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट, वायरमनला वीज असेल त्याच वेळी बोलवा. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या घरच्या विहिरीवर वायरमन आला तेव्हा थ्री फेज नव्हती. त्याने पाऊण तासात जोडणी केली, पैसे घेतले आणि "वीज आली की चालू करून बघा" म्हणून गेला. मोटार फोनवर चालू झाली, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी विहिरीचे पाणी तळाला गेले, मोटार कोरडी फिरत राहिली आणि वाइंडिंग जळाले. यंत्रात कोरडी मोटार बंद करायची सोय होती. पण मोटार पाणी उचलत असताना किती अँपिअर घेते, ते मोजून यंत्राला सांगायचेच राहिले होते. पाणी तुटले की अँपिअर उतरतात, त्यावरून यंत्र ओळखते. हे माप वीज असल्याशिवाय घेता येत नाही.

आपल्या डोंगरी भागात रेंजचाही घोळ आहे. घरी रेंज आहे म्हणून विहिरीवर असेलच असे नाही. यंत्र घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे घेऊन विहिरीवर उभे राहा. यंत्र फक्त टू-जीवर चालणारे असेल, तर जिओचे कार्ड त्यात चालत नाही. लोखंडी डब्यात रेंज अडते, म्हणून अँटेना बाहेर काढा. आणि सिमचा रिचार्ज संपला, की पुन्हा बॅटरी-काठी आलीच.

काही यंत्रांत भोंगा आणि छोटी बॅटरी असते. कोणी केबल तोडली, तर फोन येतो. केबलचोरीला वैतागलेल्यांनी असे यंत्र जरूर बघावे. मात्र वायरमनसमोर केबल सोडून खरोखर फोन येतो का, हे तपासून घ्या.

आता 'ऑटो'बद्दल. वीज आली, की मोटार आपोआप सुरू व्हावी असा मोह होतो. पण सगळ्या शिवाराच्या मोटारी एका क्षणी उठल्या, तर रोहित्रावर भार येऊन ते जळते आणि मग आठवडा-आठवडा सगळेच अंधारात. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे पुन्हा पुन्हा सांगते. यंत्रातला ऑटो बंदच ठेवा.

सर्वांत मोठा धोका वेगळाच. दुरून चालू होणारी मोटार कोणी समोर आहे की नाही, हे बघत नाही. तुम्ही फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलात आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने मदत म्हणून तिकडून फोन लावला तर? विहिरीवर काम करताना मेन स्विच पाडा, किटकॅट काढून आपल्या खिशात घाला, मगच उतरा. ज्यांचे ज्यांचे नंबर यंत्रात आहेत, त्या सर्वांना हे सांगून ठेवा.

आणि मोटार घरून चालू झाली, तरी सरीने पाणी देत असाल तर दारे धरायला माणूस लागतोच. खरा फायदा ठिबक-तुषारवाल्यांना. नंबर नोंदवताना घरातल्या बाईचा नंबर आधी घाला. कर्ते पुरुष पुण्या-मुंबईला आणि शेत तिच्या हाती, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. वायरमन जायच्या आत तिलाच चालू-बंद करायला लावा. तिने तीनदा मोटार चालू करून तीनदा बंद केली, की मग पैसे द्या.