दीडपटीची मर्यादा प्रवाशाला दिसावी

दिवाळीच्या आठवड्यात पुण्या-मुंबईहून विदर्भ-मराठवाड्याकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्यांची भाडी भडकतात, हे आपण जवळजवळ गृहीतच धरलं आहे. या भाड्याला कायदेशीर कमाल मर्यादा आहे, याची मात्र बहुतेक प्रवाशांना कल्पना नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ६७ नुसार प्रवासी वाहनांची किमान आणि कमाल भाडी ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यानुसार २७ एप्रिल २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. खासगी कंत्राटी बसचं प्रति किलोमीटर भाडं तशाच प्रकारच्या एसटी बसच्या दीडपटीपलीकडे जाता कामा नये, असं त्यात ठरलं.

ही मर्यादा संपूर्ण गाडीच्या दरावर आहे. कंत्राटी गाडी एकाच गटाने अख्खी ठरवायची, असं कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात एकेक तिकीट विकलं जातं, आणि हिशेब इथेच किचकट होतो. समजा, ४० आसनांच्या एसटीत तिकीट ५०० रुपये आहे. पूर्ण गाडीचे २०,००० रुपये झाले, दीडपट म्हणजे ३०,०००. खासगी गाडीतही ४० जागा असतील तर एका प्रवाशाची मर्यादा ७५० रुपये; ३० जागा असतील तर तीच १,००० रुपये. तिकीट काढताना हे गणित कोणता प्रवासी मांडणार?

याउलट मुंबईतली रिक्षा-टॅक्सी पाहा. आधी हकीम समितीने, नंतर खटुआ समितीने भाड्याची सूत्रं सुचवली. वाहनाची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा निर्वाहखर्च असे घटक धरून दर ठरतो आणि महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण तो मंजूर करतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले. हा आकडा मीटरवर आणि दरपत्रकात दिसतो, म्हणून जादा पैसे मागणाऱ्याशी प्रवासी तिथेच वाद घालू शकतो.

सणात एका दिशेची गाडी भरते आणि परतताना रिकामी येते, हे बसमालकांचं म्हणणं खरं आहे. तोट्यात गाडी चालवा, असं त्यांना कुणी सांगू नये. पण त्याचं उत्तर जाहीर हिशेबात शोधायला हवं. दीडपट अपुरी असेल तर खर्चाचे आकडे मांडून ती बदलून घ्यावी. अडलेल्या प्रवाशाकडून हवं ते वसूल करणं हा त्यावरचा मार्ग नव्हे.

परिवहन विभागाने प्रत्येक मार्गाची, प्रत्येक प्रकारच्या बसची प्रतिआसन कमाल रक्कम सणाआधी जाहीर करावी आणि ती तिकिटावर, तिकीट विकणाऱ्या ॲपवर छापणं सक्तीचं करावं. तोवर वाचकांनी तिकीट जपून ठेवावं आणि भाडं अवाजवी वाटलं तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.