आधी ऊब, मग दूध

सरका रे पोरांनो जरा कंदिलाजवळ. घाटावर असा पाऊस धरला की तार कुठेतरी तुटतेच, आता सकाळपर्यंत काही लाइट यायची नाही. जेवणंखाणं आटोपलंय, झोप कुणालाच आलेली दिसत नाही, तेव्हा आज मांजराच्या पोराची गोष्ट सांगतो. मांजर कुणाला नवं आहे म्हणा! पण त्याचं पोर किती कच्चं जन्माला येतं आणि ते पुरं करायला त्याची आई काय काय करते, हे कळतं केव्हा, तर आई गेली आणि तिची सगळी कामं आपल्या हातांवर येऊन पडली म्हणजे.

आता म्हशीचं रेडकू बघा, जन्मलं की तासा-दोन तासांत लटपटत का होईना उभं राहतं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघून अंग वाळलं की आईमागे पळायला लागतं. आणि मांजराची भाटी ६३ ते ६५ दिवस पोटात वागवून जे पोर घालते ते असतं जेमतेम १०० ग्रॅमचं, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, तोंडात दात नाही, पायांत उभं राहायचं बळ नाही. डोळे उघडायलाच आठवडा ते दोन आठवडे लागतात. मग त्याला येतं तरी काय? दोनच गोष्टी. वास घेता येतो आणि ऊब कुठल्या अंगाला आहे ते कळतं. एवढ्याच भांडवलावर ते पोटाने सरपटत आईच्या कुशीत पोचतं, आणि पुढची गंमत अशी की पहिल्या दोन-चार दिवसांतच बहुतेक पिल्लांची आपापली आचळं ठरून जातात. आंधळं पोर भावंडांच्या अंगावरून चढतं-उतरतं, नाकाने चाचपत जातं आणि बरोबर आपल्या आचळाला लागतं. वाटणी झालेली असल्यामुळे भांडणं कमी आणि पोटं भरलेली.

आपल्या वरच्या वाडीत अशीच एक भाटी पेंढ्याच्या उडवीत व्याली होती. रात्री रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. सकाळी गडी सांगत आला की उडवीत तीन पिल्लं आहेत आणि ओरडायचीसुद्धा थांबलीत. ती भाटी मेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून पिल्लं उचलली बरं का. नाहीतर एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलून आणायचं नसतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. वास पसरला, कुत्रं फिरकलं, माणसांची ये-जा वाढली की भाटी बिऱ्हाड हलवते, आणि तोंड एकच असल्यामुळे एकेक पिल्लू नेते. एक पोचवून दुसऱ्यासाठी ती परत येईपर्यंत मागे राहिलेलं बापडं एकटंच असतं. पोटभर प्यायलेलं, उबेत गपगार झोपलेलं पिल्लू दिसलं तर समजावं की आई जवळच कुठेतरी भक्ष्याला गेलीय. लांब उभं राहून काही तास वाट बघावी. गार पडलेलं, पोट आत गेलेलं, मळलेलं, सारखं ओरडून ओरडून दमलेलं असलं तर मात्र वाट बघत बसायचं नाही.

ही पिल्लं गार पडली होती. तुमच्या धाकट्या आत्याने लगबगीने दुधाचं भांडं चुलीवर ठेवलं, तर आजीने तिचा हात धरला. म्हणाली, "आधी ऊब, मग दूध." तिन्ही पिल्लं तिने पदराच्या आत पोटाशी धरली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. तासाभराने पदरात हालचाल सुरू झाली, मग एकाने चूं केलं, तेव्हा कुठे ती बोलली, "आता बघा दुधाचं."

तिला हे तिच्या आईने शिकवलेलं, पण त्यामागचं कारण मोठं विलक्षण आहे. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्यानेच अंगात ऊब तयार होते. नवजात पिल्लाला कुडकुडताच येत नाही. मोठ्या मांजराचं अंग ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, पिल्लाचं पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७, आणि तेवढंही त्याला स्वतःच्या बळावर राखता येत नाही. ते काम आईचं पोट करतं, भावंडांचा ढीग करतो. महिनाभराने कुठे त्याची शेकोटी त्याच्या अंगात नीट पेटते. अंग गार पडलं की त्याचं आतडं चालायचं थांबतं. अशा पोटात दूध ओतलं तर ते पचत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं आणि उपाशी राहून जगलं असतं ते पोर आपल्या मायेने मरतं. म्हणून सुती कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली टोपलीच्या एकाच अंगाला ठेवायची, म्हणजे जास्त झालं तर त्याला दुसऱ्या अंगाला सरकता येतं. आणि ऊब हळूहळू द्यायची. गारठलेलं पोर चुलीपुढे धरायचं नाही.

पिल्लं तरतरीत झाली तेव्हा मग एक शोध सुरू झाला, दूध पाजणाऱ्या भाटीचा. मांजराचा हा गुण फार कमी लोकांना ठाऊक असतो. ओळखीच्या दोन भाट्या जवळपास व्याल्या तर पुष्कळदा एकाच जागी पिल्लं ठेवतात आणि एकमेकींच्या पोरांना पाजतात, आणि परकं पिल्लू कुशीत सरकवलं तरी ते चाटूनपुसून घेतात. खालच्या आळीत एक भाटी नुकतीच व्यालेली सापडली. तिच्या अंथरुणातली चिंधी या पिल्लांच्या अंगाला चोळली आणि ती बाहेर गेलेली असताना तिच्या पिल्लांत सोडून दिली. परत आली, हुंगलं, चाटलं, आडवी झाली. दोन पिल्लं तरली तिथेच. तिसरं अगदीच किडमिडं, धष्टपुष्ट पोरांच्या रेटारेटीत त्याचा टिकाव लागेना, म्हणून ते परत आपल्याकडे आलं.

तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की गाईचं दूध नको. मला नवल वाटलं, कारण आपल्याकडे मांजर म्हटलं की वाटी दुधाची. पण गाईचं दूध वासरासाठी असतं. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात. गाईच्या दुधावर पिल्लाचं पोट बिघडतं, जुलाब लागतात, आणि १०० ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे एका दिवसात खेळ खलास. म्हणून पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची आणि पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायची, रात्रीसुद्धा. पाजताना तान्ह्या बाळागत उताणं कधी धरायचं नाही. आईला ते पोटावर पडून, मान वर करून पितं, तसंच धरायचं. उताणं पाजलं तर दूध श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुस बिघडतं. चिकाची भरपाई मात्र या पावडरीने होत नाही. गाय व्याली की पहिल्या दुधाचा आपण खरवस करून खातो, पण त्या चिकातच आईने सोसलेल्या रोगांविरुद्धची ढाल असते, आणि मांजराचं आतडं ती ढाल आत घेतं फक्त पहिले सोळा-अठरा तास. पुढे ते दार बंद होतं. म्हणून चीक न मिळालेल्या पोराला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे.

पण सगळ्यांत नवलाची वस्तू म्हणजे आईची जीभ. पिल्लू पिऊन झालं की टोपलीत ठेवलं आणि आपण निजलो, असं चालत नाही. त्याला स्वतः होऊन मुतताही येत नाही आणि हगताही येत नाही! हसू नका, खरं सांगतो. आई शेपटीखाली चाटते तेव्हाच ते होतं, आणि झालेलं सगळं तीच चाटून टाकते, म्हणून अंथरूण कोरडं राहतं. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा दर पाजण्याला हळूच फिरवावा लागतो, तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत. आजी कंदील उशाशी घेऊन हे करायची. बोळ्यावर पिवळसर डाग उमटला की तिचा चेहरा खुलायचा.

त्या जिभेचा खरखरीतपणा तुम्ही अनुभवलाय. तिच्यावर बारीक काटे असतात, घशाकडे वळलेले. अमेरिकेत जॉर्जिया टेकमधल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी ते काटे बारकाईने तपासले आणि २०१८ मध्ये सांगितलं की प्रत्येक काट्याच्या टोकाला एक पोकळ खाच आहे. त्या खाचेत लाळ आपोआप चढते आणि थेट केसांच्या मुळाशी जाऊन पोचते. वाघ-सिंहांच्या जिभेवरही तेच काटे. म्हणजे ताडोबातली वाघीण बछड्याला चाटते आणि आपली भाटी पिल्लाला चाटते, हत्यार एकच.

पीत असताना पिल्लू पुढच्या दोन्ही पायांनी आईचं पोट कणीक तिंबल्यासारखं दाबत राहतं, त्याने पान्हा सुटतो. मोठं झाल्यावरही मांजर मांडीवर चढून तेच करतं, ते लहानपणचं उरलेलं. आणि काही दिवसांचंच पोर घुरघुरायलाही लागतं. ही घुरघुर निघते कशी यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं घोळ घालत होते. मेंदू घशाचे स्नायू सारखे आवळतो-सोडतो, असं मानत. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या ख्रिश्चन हर्बस्ट यांनी आजारामुळे दगावलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती उबदार, दमट हवा सोडली, तर मेंदूशिवाय, स्नायूंशिवायही ती यंत्रं घुरघुरली! स्वरतंतूंत मऊ गाद्या बसवलेल्या असतात, त्यांच्यामुळे एवढ्याशा गळ्यातून तो खर्ज निघत असावा.

आणखी एक. आई मानगूट धरते तेव्हा पिल्लू हातपाय आखडून अगदी ढिलं पडतं, हूं की चूं करत नाही. आमच्या लहानपणी देवळात कीर्तनाला बुवा येत, ते यावरून भक्तीचे दोन मार्ग सांगत. माकडिणीचं पोर स्वतः आईला घट्ट धरतं, तो मर्कटकिशोर न्याय. मांजरीचं पोर काहीच धरत नाही, आई धरते, तो मार्जारकिशोर न्याय. रामानुजाचार्यांच्या परंपरेत यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ ओळखले जातात. बुवांचं निरीक्षण पक्कं होतं, कारण ढिलं पडणं हेच त्या पोराचं काम. वळवळलं तर उडी मारताना आईच्या तोंडून सुटेल. तुम्ही मात्र मानगूट धरून उचलू नका, दोन्ही हातांची ओंजळ करा.

आजी त्या किडमिड्या पिल्लाला रोज मसाल्याच्या काट्यावर तोलायची. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम चढले की समजायचं चाललंय ठीक. वजन उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पिसवांकडेही तिचं बारीक लक्ष. एवढ्याशा जिवातलं रक्त पिसवा पिऊन संपवू शकतात, म्हणून बारीक फणीने त्या काढायच्या. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातलं काही मांजराला विषासारखं बाधतं. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही. ती पचवून बाहेर टाकायचं साधन मांजराच्या यकृतात नाही, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दात दिसले की मऊ खाणं चालू होतं, आणि इथे आपली घरं चुकतात. दूधभात, दूधपोळी. मांजराला गोड चवच कळत नाही, गोडाची ओळख पटवणारं त्याचं एक जनुक कधीच मोडून पडलंय. आणि टॉरिन नावाचा एक पदार्थ त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसा-मासळीतूनच मिळतो. तो न मिळाल्याने मांजरं आंधळी होतात हे १९७५ मध्ये कळलं, आणि त्याच कमतरतेने त्यांचं काळीज निकामी होतं हे १९८७ मध्ये. तुम्ही शाकाहारी असलात तरी मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. उकडलेली मासळी किंवा मांजरासाठीचं तयार खाणं घरात आणायची तयारी नसेल तर पिल्लू दुसऱ्या घरी द्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत जे पिल्लू माणसांच्या हातांत, आवाजात वाढतं ते जन्मभर माणसाळलेलं राहतं. आपलं किडमिडं तसंच वाढलं, तीच ती उंबऱ्यावर आडवी पडणारी मनी. दोन आठवड्यांपासून जंतांचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लसी, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. रस्त्यावरचं पिल्लू हाताळताना ते चावलं किंवा नख लागून नुसता ओरखडा जरी आला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, घरात कुणाला न सांगता लपवून ठेवायचं नाही.

आणि भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, वर्षातून दोन-तीनदाही व्यायते. तेव्हा पिल्लू जगवलंत, वाढवलंत, तर त्याच्या नसबंदीची तारीखही शेवटच्या लसीला जाल तेव्हाच डॉक्टरांकडून घेऊन या.