गुहेतल्या अस्वलाचं ताट

सकाळी साडेसात. काल दुपारी ओव्हनमध्ये ठेवलेल्या नळ्या बाहेर काढते. शंभर अंशांवर सतरा तास झाले की हाडातलं कोलॅजेन विरघळून सौम्य आम्लाच्या पाण्यात उतरतं. ते गरम असतानाच गाळावं लागतं, गार झालं की गाळणी तुंबते. वर तपकिरी गाळ राहतो, खाली येणारं पाणी जवळजवळ बिनरंगी असतं. एक अस्वल आयुष्यभर काय खात होतं याचा पुरावा त्या पाण्यात असतो. ते गोठवून सुकवायच्या यंत्रात गेलं की मी चहा घेते.

साडेआठला नवं हाड. इथे ट्युबिंगेनमध्ये असण्याचा मोठा फायदा म्हणजे श्वाबियन युराच्या डोंगरांतल्या गुहा हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांतल्या होले फेल्स गुहेत गुहा-अस्वलाचा एक मणका सापडला, त्यात गारगोटीच्या हत्याराचं टोक रुतलेलं होतं. माणसं या अस्वलांची शिकार करत, एवढं तो मणका सांगतो. अस्वलं स्वतः काय खात, हे मात्र हाडाच्या आतच शोधावं लागतं. रोझेनम्युलर यांनी १७९४ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याचे सुळे पाहून तो मोठा मांसाहारी असावा असं कुणालाही वाटेल. दाढा पाहिल्या की शंका येते, कारण त्या रुंद, उंचसखल आणि चघळण्यासाठी घडलेल्या आहेत.

हात-पायाच्या हाडाची जाड भिंत निवडते. आधी वरचा थर खरवडून काढते. जुन्या संग्रहालयांत हाडं जोडायला सरस वापरत, आणि सरस म्हणजेही प्राण्यांचं कोलॅजेनच. तो राहिला तर अस्वलाऐवजी सरसाचं जेवण मोजलं जाईल. मग ड्रिल चालवते आणि नाक जवळ नेते. जळक्या केसांसारखा वास आला की हाडात प्रथिन शिल्लक आहे. तीस-चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या जनावराचा तो वास मला आजही आवडतो. गुहेचा गारवा आणि अंधार यांनी ते जपलेलं असतं.

हाड कुणाचं, हेही आधी पाहावं लागतं. हिवाळ्यातल्या लांब झोपेतच मेलेली कितीतरी पिल्लं या गुहांत सापडतात. आईच्या दुधावरचं पिल्लू नायट्रोजनच्या हिशेबात आईपेक्षा एक पायरी वर दिसतं, जणू ते मांस खात होतं. म्हणून मी शक्यतो प्रौढाचंच हाड घेते.

साडेदहा. भुकटी ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली आली की आम्लात. वीस मिनिटं, बुडबुडे येतात, खनिज विरघळतं. या वीस मिनिटांत मी फोन उचलत नाही. नंतर सौम्य क्षारात वीस तास, मातीतली द्रव्यं निघून जाण्यासाठी.

बाराला वजन. आधीच्या नमुन्यांचं सुकलेलं कोलॅजेन सावरीच्या कापसासारखं असतं, श्वासानेही उडतं. त्यातलं अर्धा मिलिग्रॅमही नाही एवढं कथलाच्या इवल्या डबीत घालायचं आणि चिमट्याने डबी दाबून बंद करायची. सगळ्यात वेळखाऊ काम हेच. मग जेवण.

दुपारी दोन. आधीच्या फेरीचे आकडे पडद्यावर. सर्वांत आधी कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण बघते. ते २.९ ते ३.६ यांच्या बाहेर असेल तर नमुना बाद, मग बाकीचा आकडा कितीही मोहक असो. नंतर नायट्रोजन-१५. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की हा जड नायट्रोजन दर हजारी तीन ते पाचने वाढतो. पण अस्वलाचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. त्याच काळातले, त्याच परिसरातले घोडे, हरणं, लांडगे शेजारी मांडावे लागतात. तसं मांडलं की इथलं गुहा-अस्वल लांडग्यांपासून दूर, गवत-पाला खाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतं.

इथे घाई कशी नडते याचं उदाहरण रोमानियाचं. पेश्तेरा कु ओआसे या गुहेतल्या अस्वलांच्या हाडांत नायट्रोजन बराच वर होता. २००८ मध्ये एका गटाने ती अस्वलं मांस किंवा मासेही खात असावीत असं मांडलं. शिवाय हिवाळी झोपेत अस्वल लघवी न करता युरियातला नायट्रोजन पुन्हा वापरतं, त्याचाही परिणाम असेल का, ही शंका होतीच. आणि मुळात तिथल्या वनस्पतींतच जड नायट्रोजन जास्त असेल तर?

वाद सुटला तो अमिनो आम्लं वेगवेगळी मोजल्यावर. फिनाइलअॅलनिनमधला नायट्रोजन खाणाऱ्याच्या शरीरात फारसा बदलत नाही, तो मूळ वनस्पतीचीच खूण राखतो. ग्लुटामिक आम्लातला दर पायरीला वाढत जातो. दोन्ही एकाच हाडात असतात, त्यामुळे दोघांतल्या फरकावरून पायरी कळते आणि बाहेरच्या तुलनेवर सगळी भिस्त राहत नाही. बेल्जियमच्या गोये गुहेतल्या अस्वलांवर हे २०१६ मध्ये झालं, रोमानियातल्यांवर २०२० मध्ये. दोन्हीकडे वनस्पतीच. ही मला या क्षेत्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. आणि रसायनशास्त्राला प्रत्येक अस्वल शाकाहारीच दिसतं असंही नाही. अलास्कातल्या नामशेष आखूड-तोंडी अस्वलाच्या हाडांनी मांसाहाराचीच साक्ष दिली.

संध्याकाळी सहा. डब्या यंत्राच्या चकतीत मांडते, मध्येमध्ये ज्यांचे आकडे आधीच माहीत आहेत असे प्रमाण-नमुने. रात्रभर एकेक डबी जळेल, तिचा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाईल.

निघताना एका सहकाऱ्याशी रोज होतो तसा वाद, ही अस्वलं का संपली? गुहांसाठी माणसांशी झालेली स्पर्धा आणि शिकार यांवर तो भर देतो. त्याचं मी नाकारत नाही. पण सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी, थंडी कडक होऊन हिरवळीचे महिने आखडले, तेव्हा याच भागातलं तपकिरी अस्वल मिळेल ते खाऊन तगलं. गुहा-अस्वलाने आहार बदलल्याची खूण हाडांत सापडत नाही. फ्रान्समधल्या रोशेदानचं हाड अगदी शेवटच्या अस्वलांपैकी एकाचं आहे, आणि त्यातही तोच पाला आहे.